जुन्या अल्सर ऑपरेशननंतर उरलेल्या जठरात कॅन्सर निघाला तर ऑपरेशनची तयारी कशी करायची

मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली, आता रिटायर्ड आहे, पण पेडणे, डिचोली, फोंड्याकडचे ओळखीचे लोक अजून फोन करतात आणि त्यातला एक प्रश्न हल्ली बऱ्याचदा येतो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. प्रश्न असा की बाबांचं खूप वर्षांपूर्वी अल्सरचं ऑपरेशन झालेलं, अर्धं जठर काढलेलं, आता उरलेल्या जठरात कॅन्सर सांगितलाय, परत ऑपरेशन करायला सांगतात, तर काय करायचं, कुठून सुरुवात करायची. निर्णय तुमच्या सर्जनचाच, मी डॉक्टर नाही, पण घरच्यांनी काय काय करायचं असतं ते वॉर्डात उभं राहून बघितलंय तेवढं सांगते.

आधी थोडं मागचं. आज अल्सर म्हटलं की पॅन्टोप्राझोलची गोळी आणि एच पायलोरीसाठी अँटिबायोटिक्सचा कोर्स, संपलं. पण हा जंतू अल्सर करतो हे मार्शल आणि वॉरन या दोघांनी १९८०च्या दशकात दाखवलं (२००५चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं) आणि ते सगळीकडे पोचायला आणखी वेळ गेला. त्याआधी अल्सरने जठराचं तोंड आवळलं किंवा रक्त जायला लागलं की सरळ ऑपरेशन. गोव्यातली माणसं गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, करून घ्यायची, तेव्हाचं गोमेकॉ म्हणजे पणजीत कांपालला, आता जिथे इफ्फी हा सिनेमांचा महोत्सव भरतो ती बिल्डिंग, नाहीतर बेळगाव, मिरजेला जायची. त्या काळातले ते पेशंट आज सत्तरीच्या पुढे आहेत आणि हा त्रास नेमका त्याच वयात डोकं वर काढतो.

कारण असं की जठर कापून आतडं जोडलं की पित्त उलटं जठरात येत राहतं, आणि ॲसिड कमी झाल्यामुळे एरवी जठरात न टिकणारे जंतू तिथे वाढतात, वर्षानुवर्षं त्या जोडाजवळचं अस्तर सुजलेलं राहतं. अल्सरच्या ऑपरेशननंतर पंधरा-वीस वर्षं उलटली की धोका हळूहळू वाढायला लागतो. हे काही नवीन नाही, अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या बाल्फोर नावाच्या सर्जनने १९२२ सालीच लिहून ठेवलंय. रिपोर्टवर गॅस्ट्रिक स्टंप कार्सिनोमा किंवा रेम्नंट गॅस्ट्रिक कॅन्सर असं काही दिसलं तर ते हेच. पहिलं ऑपरेशनच कॅन्सरसाठी झालं असेल तर गोष्ट थोडी वेगळी, तिथे हा जुनाच परत आलाय की नवीन उगवलाय हे डॉक्टरांना ठरवावं लागतं, त्यामुळे जुना बायप्सी रिपोर्ट लागतोच लागतो.

पहिलं काम: जुने कागद

माझं यातलं सगळ्यात ठाम मत हेच आहे, की दुसऱ्या ऑपरेशनची निम्मी तयारी म्हणजे पहिल्या ऑपरेशनमध्ये नक्की काय केलं ते कळणं. "अल्सरचं ऑपरेशन" एवढ्याने काहीच कळत नाही, त्यात निदान तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. अल्सर फुटून भोक पडलेलं ते नुसतं शिवून वर चरबीचा पदर लावला, असं असेल तर जठर पूर्णच आहे, उरलेलं वगैरे काही नाही. दुसरं म्हणजे व्हेगस नस कापून जठराला खालून आतडं जोडून दिलं, त्यालाच वॅगोटॉमी-जीजे म्हणतात, आपल्याकडे हे खूप केलं जायचं, यात जठराचा तुकडा काढत नाहीत, पण जोड असतो आणि पित्त येतंच. तिसरं, खालचा भाग काढून उरलेलं जठर सरळ ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, जोडलं, ते बिलरोथ वन. चौथं, खालचा भाग काढून ड्युओडेनमचं तोंड बंद केलं आणि जठर पुढच्या आतड्याला जोडलं, ते बिलरोथ टू. व्हिएन्नाच्या बिलरोथने १८८१ साली पहिल्यांदा जठर कापून पेशंट वाचवला त्याचंच नाव अजून चालतं.

या प्रत्येकात आतला रस्ता वेगळा, रक्तवाहिन्या वेगळ्या तुटलेल्या, चिकटलेलं वेगळ्या ठिकाणी, त्यामुळे सर्जनला आत जाण्याआधी हे माहीत असलं तर फार फरक पडतो. म्हणून कपाटं, ट्रंका, देव्हाऱ्यामागची प्लास्टिकची पिशवी, सगळं शोधा. डिस्चार्ज कार्ड मिळालं तर उत्तम, जुना बेरियमचा एक्स-रे असेल तर तोही घ्या, रेशनकार्डाच्या फायलीत घडी घातलेलं सापडलेलं मी बघितलंय. नाहीच मिळालं तर वर्ष, गाव, इस्पितळ, पोट किती दिवस बांधून ठेवलेलं, नंतर "अर्धं पोट काढलं" असं कोणी सांगितलेलं का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून एका कागदावर लिहा. आणि स्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर बघणं, ती करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, त्यांना आत गेल्यावर जोड दिसतो, पुढे एक वाट आहे की दोन हे दिसतं, त्यावरून ते बरंचसं ओळखतात आणि तसं रिपोर्टमध्ये लिहूनही देतात.

हल्ली वजन कमी करायला बायपास केलेलेही लोक आहेत, त्यांच्यात बाजूला ठेवलेल्या जठरापर्यंत साधी स्कोपी पोचतच नाही, तो प्रकार वेगळा, इथे त्यात शिरत नाही.

गॅस समजून बसू नका

ज्याचं जठर अर्धं आहे त्याला तीस वर्षं पोट फुगणं, ढेकर, पित्ताची उलटी हे असतंच, त्यामुळे नवीन काही झालंय हे त्याला स्वतःलाच उशिरा कळतं, आणि घरचे फार्मसीतून ॲसिडिटीचं सिरप आणून देत राहतात. वजन उतरतंय, दोन घासात पोट भरतंय, गिळताना अडकतंय, शौचाला काळं होतंय, किंवा हिमोग्लोबिन कारण नसताना खाली आलंय, यातलं एक जरी असेल तरी स्कोपी करून घ्या. हिमोग्लोबिनचं विशेष सांगते, जठर कापलेल्या माणसाला लोह आणि बी-१२ कमी पडून ॲनिमिया होतोच, त्यामुळे "त्यांचं रक्त नेहमीच कमी" म्हणून कोणी लक्ष देत नाही आणि नेमकं त्याआड हे लपतं.

तपासण्या

स्कोपीत एकच तुकडा घेऊन चालत नाही, संशयाच्या जागेतून सहा-आठ तरी घेतात, जोडाच्या आजूबाजूनेही. बायप्सी पक्की झाली की छाती आणि पोटाचा सीटी, काँट्रास्ट देऊन. त्याआधी किडनीसाठी क्रिॲटिनिन बघतात, शुगरवाल्यांनी मेटफॉर्मिन चालू आहे हे सीटीवाल्यांना सांगायचं. रोग फक्त वरच्या अस्तरात असेल, एकदम सुरुवातीचा, तर काही ठिकाणी तोंडातून स्कोपनेच तेवढा थर सोलून काढतात, पोट उघडावंच लागत नाही, म्हणून "आमचं स्कोपने होण्यासारखं आहे का" हे एकदा विचारायला काही हरकत नाही. आपल्याकडे बहुतेक जण त्या टप्प्याच्या पुढे गेल्यावरच येतात ही गोष्ट खरी.

सीटीत सगळं बरं दिसलं तरी बऱ्याचदा आधी दुर्बीण घालून पोटात बघतात, पोटाच्या पडद्यावर बारीक दाणे पसरलेत का, कारण ते सीटीत चुकतात. असे दाणे निघाले तर जठर काढून उपयोग नसतो, तिथे केमोच मुख्य. घरच्यांना वाटतं की "उघडून परत बंद केलं, डॉक्टरांना जमलं नाही", तसं नसतं हो, मोठं ऑपरेशन करून महिनाभर अंथरुणात घालवण्यापेक्षा तेच दिवस औषधाला मिळतात.

रोग भिंतीत खोल गेला असेल किंवा आजूबाजूच्या लिम्फच्या गाठी सुजलेल्या दिसत असतील तर आधी केमो देऊन मग ऑपरेशन असाही बेत असतो. त्यातला एक नेहमीचा प्रकार फ्लॉट म्हणतात, दर दोन आठवड्यांनी एक, चार आधी आणि चार नंतर. पंचाहत्तरीच्या अशक्त माणसाला तो झेपेलच असं नाही, मग हलका कोर्स किंवा थेट ऑपरेशन. "आधी केमो म्हणजे केस हाताबाहेर गेली" असं शेजारी सांगतील, त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

कुठे करायचं

बांबोळीला गोमेकॉत सुपर स्पेशालिटी ब्लॉक आहे, तिथून सुरुवात करावी असं मला वाटतं, सगळे विभाग एका आवारात असल्यामुळे भूलवाले, हार्टवाले, रक्तपेढी यांच्यासाठी धावपळ कमी होते. काही लोक परळला टाटाला जातात, काही बेळगाव किंवा मणिपालला. कुठेही जा, पण हे असं ऑपरेशन आहे की जठर आणि अन्ननलिकेचं काम नेहमी करणारी टीमच हवी, साध्या हर्निया-अपेंडिक्सच्या अनुभवावर होणारं नाही. विचारायला लाजू नका, अशा परत उघडलेल्या पोटाच्या केसेस तुम्ही करता का, रात्री काही झालं तर सर्जन हजर असतात का, आयसीयू आहे का. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.

पैशांचं बघाल तर दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आधी काढून व्हॅलिड आहे का तपासा, २०१६ साली सुरू झालेली ही योजना तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत कव्हर देते. कार्डाची मुदत संपलेली असते आणि ते ॲडमिशनच्या दिवशी कळतं, मग धावाधाव. गोव्यात नसलेल्या उपचारासाठी बाहेर जायचं असेल तर आरोग्य खात्याची मेडिक्लेम योजना आहे, उत्पन्नाची अट असते, अर्ज जाण्याआधी करायचा, आल्यावर नव्हे. मुंबईला ट्रेनने जाणार असाल तर कॅन्सर पेशंटला रेल्वेत सवलत आहे, स्लीपर आणि थ्री-एसीत पेशंटचं भाडं माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, त्यासाठी इस्पितळाने भरलेला ठरावीक फॉर्म लागतो.

ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात

हे समजून घेतलं की निम्मी भीती जाते असं माझं निरीक्षण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उरलेलं सगळं जठर काढतात, जुन्या जोडासकट. याला कंप्लीशन गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. बिलरोथ टू झालेलं असेल तर जोडाला लागून असलेला आतड्याचा तुकडा आणि त्याच्या मेसेंटरीतल्या, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या, लिम्फच्या गाठीही काढाव्या लागतात, कारण पहिल्या ऑपरेशनने लिम्फचे जुने रस्ते तुटलेले असतात आणि रोग नव्या रस्त्याने, म्हणजे त्या आतड्याच्या मुळाकडे किंवा प्लीहेच्या बाजूला, सरकू शकतो. उरलेल्या जठराला रक्त बरंचसं प्लीहेच्या बाजूच्या छोट्या रक्तवाहिन्यांतून येतं, म्हणून प्लीहा सर्जनच्या अगदी हाताशी असते, पण ती दर वेळी काढायची असं नाही, रोग तिथे पोचला असेल किंवा रक्तस्राव आटोक्यात येत नसेल तरच.

वेळ खाणारं काम म्हणजे चिकटलेलं सोडवणं. जुन्या ऑपरेशननंतर लिव्हरचा डावा भाग, मोठं आतडं, स्वादुपिंड, पोटाची भिंत सगळं एकमेकांना धरून बसलेलं असतं, ते मिलिमीटर मिलिमीटर सोडवत जायचं. जोड मोठ्या आतड्याच्या मेसेंटरीला भोक पाडून मागून केलेला असेल तर रोग मोठ्या आतड्यात शिरलेला असू शकतो, मग त्याचाही तुकडा जातो, म्हणून काही सर्जन आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध देतात. अशा वेळी "कॅन्सर जठराचा आणि मोठं आतडं का काढलं" म्हणून भांडू नका, रोग एकसंध बाहेर काढणं आणि कडांना रोग न राहणं हीच यातली खरी परीक्षा. दुर्बिणीने होईल का विचाराल तर काही मोठ्या सेंटरमध्ये करतात, पण इतकं चिकटलेलं असताना बहुतेकदा उघडूनच होतं, आणि दुर्बिणीने सुरू करून मधे उघडावं लागलं तर ते अपयश धरू नका.

मग नवीन रस्ता. लहान आतडं एका ठिकाणी कापून त्याचं खालचं टोक वर नेऊन अन्ननलिकेला जोडतात, आणि पित्त घेऊन येणारा वरचा भाग त्याच आतड्याला साधारण ४०-५० सेंटीमीटर खाली जोडतात, इंग्रजी वाय अक्षरासारखं दिसतं ते, रू-एन-वाय नाव. एवढं अंतर ठेवायचं कारण पित्त परत वर अन्ननलिकेत चढू नये. पहिलं ऑपरेशन बिलरोथ वन असेल तर ड्युओडेनमचं तोंड आत्ता पहिल्यांदा बंद करावं लागतं, तो एक जास्तीचा टाका सांभाळायचा असतो. बऱ्याच ठिकाणी पोटातून आतड्यात एक बारीक नळी, फीडिंग जेजुनोस्टॉमी, घालून ठेवतात, ती नको म्हणू नका, पुढे वरचा जोड रुसला तर पोषण चालू ठेवायला तीच कामी येते. एकंदर पाच-सहा तास सहज जातात, कधी जास्त. थिएटरबाहेर बसणाऱ्यांनी जेवून घ्यावं.

आधीचे दोन-तीन आठवडे

इथे घरच्यांच्या हातात सगळ्यात जास्त असतं. हे पेशंट मुळात बारीक झालेले असतात, आधीच जठर कमी, त्यात रोग. सहा महिन्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त वजन गेलं असेल किंवा रक्तातलं प्रोटीन, अल्ब्युमिन, फार खाली असेल तर चांगले सर्जन ऑपरेशन आठवडा-दोन आठवडे पुढे ढकलतात आणि नाकातल्या नळीने किंवा पावडरने पोषण भरून काढतात. घरचे घाबरतात, रोग वाढेल म्हणून, पण कुपोषित माणसाचे टाके धरत नाहीत. आपल्याकडे आजारी माणसाला पेज द्यायची पद्धत, उकड्या तांदळाची पेज चांगलीच आहे पण तिच्यात प्रोटीन नावालाच, तीन वेळा पेज आणि लोणच्याची फोड यावर माणूस टिकतो, ताकद येत नाही. अंडं, वाफवलेला मासा, मुगाचं कढण, दही, पनीर, डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर हे थोडं थोडं दिवसातून सहा-सात वेळा जाऊ दे.

विडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद. आणि दारूचं खरं सांगा. हे मी हात जोडून सांगते. रोज संध्याकाळी फेणीचे दोन पेग घेणारा माणूस भूल देणाऱ्या डॉक्टरांना "कधीतरी सणावाराला" सांगतो, बायकोही मान डोलावते, आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो थरथरायला लागतो, भिंतीवर माणसं दिसतात, नळ्या ओढून काढतो. आधी माहीत असेल तर त्यावर औषध देता येतं, कोणी तुम्हाला उपदेश करणार नाही.

तीन बॉलवालं फुंकणीचं यंत्र, स्पायरोमीटर, आणून ओढायची सवय ऑपरेशनच्या आधीच करा, फुंकायचं नाही, आत ओढायचं, निम्मे लोक उलटं करतात. वरच्या पोटाच्या मोठ्या कापानंतर छातीत कफ साठून न्यूमोनिया होणं हा नेहमीचा त्रास आहे आणि तो टाळायला हे स्वस्तातलं यंत्रच उपयोगी पडतं. रोज चालणं. दात हलत असतील किंवा कवळी सैल असेल तर डेंटिस्टकडे आत्ताच जा, पुढे जठर नसताना चावण्याचं सगळं काम तोंडालाच करायचंय, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी दाखवा, स्वतःहून बंद करू नका. प्लीहा काढायची शक्यता असेल तर न्यूमोकॉकल, मेनिंगोकॉकल वगैरे लशी शक्यतो दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात, विचारून घ्या. आणि रक्तासाठी दोन-तीन डोनर गावातून तयार ठेवा, चतुर्थीच्या दिवसांत तर आधीच सांगून ठेवा कारण तेव्हा फोन कोणी उचलत नाही.

वॉर्डातले दिवस

एक-दोन दिवस आयसीयू, मग वॉर्ड, सगळं नीट गेलं तर दहा दिवसांच्या आसपास घरी, काहींना जास्त लागतात. नाकात नळी, लघवीची नळी, पोटातून ड्रेन, दुखणं कमी करायला पाठीत एपिड्युरलची बारीक नळी, हे सगळं बघून घाबरू नका, एकेक निघत जातं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवतात आणि चालवतात, घरच्यांना ते निर्दयी वाटतं, पण पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत आणि छाती मोकळी राहावी म्हणून ते करावंच लागतं, तुम्ही मधे पडू नका.

तोंडातून पाणी कधी सुरू करायचं ते फक्त सर्जन सांगणार. दर बॅचला एक तरी मावशी असायची जी लपवून शहाळ्याचं पाणी पाजायची. भीती असते ती वरचा जोड गळण्याची, साधारण पहिल्या आठवडा-दहा दिवसांत. ताप, नाडी जोरात, धाप, छातीत किंवा डाव्या बाजूला दुखणं, ड्रेनमधलं पाणी गढूळ किंवा हिरवट होणं, पेशंट एकदम "बरं वाटत नाही" म्हणून गप्प होणं, यातलं काही दिसलं तर सिस्टरला उठवून सांगा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. लवकर कळलं तर नळी घालून, अँटिबायोटिकवर, कधी स्टेंट घालून निभावतं, उशीर झाला तर जिवावर बेततं.

घरी आल्यावर जेवण

जठर नाही म्हणजे साठवण नाही. दिवसातून सहा ते आठ वेळा थोडं थोडं, बशीभर, सावकाश चावून. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर, घोट घोट. गोड एकदम खाल्लं की पंधरा-वीस मिनिटांत पोटात कळ, घाम, धडधड, जुलाब होतात, त्याला डंपिंग म्हणतात, आणि कधी दोन तासांनी शुगर पडून हातपाय गळतात. त्यामुळे आपलं नाचणीचं तिझाण द्यायला हरकत नाही पण गूळ न घालता, थोडं दूध किंवा ताक घालून. दूध सगळ्यांना सोसत नाही, आधी अर्धी वाटी देऊन बघा.

मासळी गोंयकाराला सोडायला सांगू नये, आणि गरजही नाही, मऊ मासा काटे काढून, तिखट आणि नारळ कमी घालून लवकरच देता येतो, प्रोटीन उत्तम. खारवलेली सुकी मासळी मात्र बाजूला ठेवा. नारळाच्या रसाचं घट्ट हुमण, तळलेलं, यांनी सुरुवातीला तेलकट जुलाब होतात, सोलकढी पातळ करून महिन्याभराने. शेवग्याच्या शेंगा, फणस, संत्र्याची साल-रेषा असलं चोथ्याचं काही महिने नको, अडकतं. उंड्याचा, म्हणजे आपल्या गोव्याच्या पावाचा, मऊ भाग नुसता गिळला की त्याचा गोळा होऊन जोडाजवळ बसतो, चावून खायचा. जेवल्यावर अर्धा-पाऊण तास बसून राहायचं, आडवं व्हायचं नाही, रात्री पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा.

वजन आणखी थोडं उतरणारच, पहिल्या तीन-चार महिन्यांत, मग एका ठिकाणी थांबतं. दर आठवड्याला एकाच काट्यावर बघून लिहून ठेवा. घास अडकायला लागला तर वाट बघू नका, जोड आवळला असेल तर स्कोपने फुगवून देतात, साधं काम आहे.

रिपोर्ट, केमो आणि पुढचं

काढलेल्या जठराच्या बायप्सीचा मोठा रिपोर्ट दोनेक आठवड्यांनी येतो. त्यात तीन गोष्टी बघायच्या, कडा मोकळ्या आहेत का, रोग भिंतीत किती खोल गेलाय, आणि किती गाठी तपासल्या त्यातल्या कितींत रोग होता. एरवी जठराच्या कॅन्सरमध्ये निदान पंधरा-सोळा गाठी तपासाव्यात म्हणतात, पण पहिलंच ऑपरेशन कॅन्सरसाठी होऊन तेव्हाच गाठी गेल्या असतील तर आत्ता आकडा कमी येऊ शकतो, त्यावरून सर्जनने काम अर्धवट केलं असं ठरवू नका. हर-टू आणि एमएसआय या तपासण्या झाल्यात का तेही विचारा, पुढे औषध निवडायला लागतात. केमो द्यायची ठरली तर साधारण सहा-आठ आठवड्यांत सुरू होते, तोवर खाणं रुळावर आणणं हेच काम.

बी-१२चं इंजेक्शन जन्मभर. जठरातून येणाऱ्या एका घटकाशिवाय तोंडातून खाल्लेलं बी-१२ नीट शोषलंच जात नाही, शरीरातला साठा काही काळ पुरतो म्हणून पहिल्या वर्षी काही जाणवत नाही, मग हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा सुरू होतो आणि घरचे वयावर ढकलतात. बहुतेकांना महिन्याला एक पुरतं, जवळच्या आरोग्य केंद्रात चिठ्ठी दाखवून घ्या, त्यासाठी दर वेळी बांबोळीला जायला नको, आणि कॅलेंडरवर तारीख घाला. सोबत लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी सांगतील तसं. फॉलोअप पहिली दोन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, मग अंतर वाढतं, आणि दर वेळी जुनी फाइल, दोन्ही ऑपरेशनचे कागद, एका पिशवीत घालून न्या, झेरॉक्स वेगळी घरी.